भिंतीतलं पोर्ट आणि वाली नसलेली यंत्रं

१९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीत पीएच.डी. करणाऱ्या जेरी यँग आणि डेव्हिड फिलो यांनी आपल्याला आवडलेल्या संकेतस्थळांची यादी सगळ्यांसाठी खुली केली. ती ज्या दोन वर्कस्टेशनांवर चालायची, त्यांची नावं होती अकेबोनो आणि कोनिशिकी, हवाईहून आलेल्या दोन सुमो मल्लांची. वायर विद्यापीठाची, पत्ता विद्यापीठाचा, कारभार मात्र या दोघांचा. जगभरातून लोक येऊ लागले, विद्यापीठाच्या नेटवर्कवर ताण पडू लागला आणि १९९५च्या सुरुवातीला यादीला दुसरीकडे बिऱ्हाड हलवावं लागलं. तोवर तिचं नाव याहू झालं होतं. ‘माझ्या टेबलाखालच्या यंत्रावर बाहेरच्या जगासाठी सर्व्हर चालवतो’ असा अर्ज आज एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने केला, तर तो कोणत्या टेबलावर जाऊन पडेल एवढाच प्रश्न उरतो.

विषय दिसायला लहान आहे. ज्या संगणकाचा ॲडमिन पासवर्ड संगणक केंद्राकडे नाही, वापरणाऱ्याकडेच आहे, त्याला विभागाच्या लॅनची वायर द्यायची का आणि दिली तर कोणत्या अटींवर? असा संगणक विद्यार्थ्याचा लॅपटॉप असेल, प्रकल्पाच्या पैशातून घेतलेला जीपीयू सर्व्हर असेल किंवा एखाद्या उपकरणासोबत आलेला पीसी असेल. वायफाय आल्यावर हा प्रश्न मिटेल असं वाटलं होतं. लॅपटॉप आणि फोनपुरता तो बराचसा मिटलाही. युरोपात २००२-०३च्या सुमारास सुरू झालेल्या एज्युरोममुळे एका विद्यापीठाच्या खात्यावर दुसऱ्या विद्यापीठात जोडून घेता येऊ लागलं. भारतात ही सोय एर्नेट चालवतं. पण टेराबाइटच्या हिशेबात डेटा हलवायचा असेल, रात्रभर चाललेलं गणित घरून एसएसएच करून बघायचं असेल, यंत्राला कायमचा पत्ता हवा असेल, तर वायरच लागते. त्यामुळे वायरवर आज जी यंत्रं उरली आहेत ती जास्त ताकदीची आहेत, चोवीस तास चालू असतात आणि त्यांच्यासमोर बहुधा कुणीच बसलेलं नसतं.

गेल्या चाळीसेक वर्षांतला वाद मुख्यतः ‘कुणाला जोडू द्यायचं’ यावर झाला. जोडलेलं यंत्र आता कुणाच्या नावावर आहे, हे विचारायचं मात्र राहून गेलं. माझ्या मते खरी दुखरी नस तिथे आहे.

सुरुवातीला शिस्त लावली ती केबलनेच. बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात इथरनेटची कल्पना उभी केली, तेव्हा सगळी यंत्रं एकाच कोॲक्सियल केबलवर लटकलेली असत. पुढे आलेल्या पातळ केबलची मर्यादा १८५ मीटर, प्रत्येक यंत्रापाशी एक टी-कनेक्टर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. कुणी आपला पीसी काढताना केबल तोडली किंवा टर्मिनेटर खिशात घालून गेला, की अख्खा मजला बंद. एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं, टेलनेटचे पासवर्डसुद्धा. अशा व्यवस्थेत नियमावलीची गरज कमी भासते, कारण चूक केली की शेजारचा लगेच दारात उभा राहतो. १९९० मध्ये पिळलेल्या तारांच्या जोड्यांवर चालणारं इथरनेट प्रमाणित झालं आणि प्रत्येक खोलीला स्विच किंवा हबपर्यंत कमाल १०० मीटरची स्वतःची वायर मिळाली. आता एका यंत्राचं पोर्ट बाकीच्यांना धक्का न लावता बंद करता येऊ लागलं. संगणक केंद्राची सत्ता सुरू झाली ती इथून.

त्याआधीच दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. २ नोव्हेंबर १९८८ला कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने एमआयटीच्या एका यंत्रावरून वर्म सोडला आणि हजारो युनिक्स यंत्रं गुदमरली. तो पसरला तो सेंडमेल आणि फिंगरमधल्या त्रुटींवर, सोप्या पासवर्डांवर आणि ‘त्या यंत्रावरून आलाय ना, मग आपलाच’ या भरवशावर. दुसरी गोष्ट कमी गाजलेली, पण मला जास्त महत्त्वाची वाटते. एमआयटीतच १९८३ पासून अथेना हा प्रकल्प चालू होता. विद्यार्थ्यांसाठी शेकडो वर्कस्टेशनं मांडायची होती. त्याच्या रचनाकारांनी आधीच मान्य करून टाकलं की खोलीत ठेवलेल्या यंत्राचा रूट पासवर्ड गुपित राहणार नाही. सार्वजनिक वर्कस्टेशनांचा रूट पासवर्ड विद्यार्थ्यांना मिळतच असे. मग विश्वास ठेवायचा कशावर? त्यातून केर्बेरॉस निघालं: यंत्रावर नको, वायरवर नको, माणसाने दर वेळी आपली ओळख सर्व्हरला पटवून द्यायची. आजच्या विंडोज डोमेनच्या मुळाशी हेच केर्बेरॉस आहे. ‘झिरो ट्रस्ट’ या नावाने गेल्या दहा-बारा वर्षांत जे विकलं जातंय, त्यातला गाभा त्या मंडळींनी ऐंशीच्या दशकात वापरात आणला होता.

भारतात तेव्हा यंत्रंच मोजकी होती. १९८६ मध्ये सुरू झालेल्या एर्नेटमध्ये आठ संस्था होत्या: जुहूचं एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग. कोणत्या यंत्राशी कोण बसतो हे सगळ्यांना तोंडपाठ. नंतर २०१० मध्ये केंद्राने राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी दिली आणि संस्थांच्या दारात गिगाबिटच्या मापातली जोडणी येऊ लागली. दारापासून आत, प्रयोगशाळेपर्यंतचं जाळं मात्र अनेक ठिकाणी हातखर्चाच्या पैशातून घेतलेल्या आठ पोर्टांच्या स्विचांनी, गरज पडेल तसं वाढत गेलं. त्याचा नकाशा असलाच तर एखाद्या लॅब असिस्टंटच्या डोक्यात.

विभागाच्या सिस्टीम ॲडमिनला नेटवर्कवरच्या संकटांबद्दल विचारा. तो हॅकरांबद्दल नंतर बोलेल. आधी घरगुती राउटरबद्दल बोलेल. भिंतीत एकच पोर्ट आहे, यंत्रं दोन आहेत, म्हणून कुणीतरी घरचा जुना राउटर आणतो आणि भिंतीची वायर वॅनऐवजी लॅनच्या खाचेत घालतो. राउटर बिचारा आपलं काम चोख करतो: मजल्यावर जो कुणी पत्ता मागेल त्याला १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता आणि गेटवे म्हणून स्वतःचं नाव देतो. ज्यांच्या पत्त्याची मुदत संपलेली नाही त्यांचं इंटरनेट चालू राहतं, बाकीच्यांचं बंद पडतं, आणि सकाळभर ‘माझं चालतंय, तुमचं का नाही’ हा संवाद चालतो. स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं की पत्ते वाटण्याचा हक्क ठरावीक पोर्टलाच राहतो आणि हे थांबतं. पण त्यासाठी मॅनेज्ड स्विच लागतो. दुसरा प्रकार स्वतःच्या मनाने आयपी टाकणाऱ्यांचा. अंदाजाने टाकलेला पत्ता नेमका गेटवेचा निघाला, तर पुढचा अर्धा दिवस गेला. तिसरा प्रकार लूपचा: लोंबकळणारी वायर दिसली म्हणून तिचं दुसरं टोकही त्याच लहान स्विचमध्ये खोचायचं. डेक या संगणक कंपनीत असताना रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये याच दुखण्यावर स्पॅनिंग ट्री हा उपाय काढला, तरी स्वस्तातल्या स्विचला त्याचा पत्ताच नसतो. आयपीव्ही६ची त्यात आणखी भर. कनेक्शन शेअरिंग चालू राहिलेलं विंडोजचं एखादं यंत्र ‘मीच राउटर’ अशी घोषणा करत सुटतं. हे इतकं सर्रास होतं की २०११ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या टिम चाउन यांनी स्टिग वेनास यांच्यासह त्यावर स्वतंत्र आरएफसी लिहिला.

यातल्या कुणाच्याही मनात पाप नसतं. पण निष्पापपणा किती महाग पडतो ते बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस या हार्वर्डशी संलग्न इस्पितळात नोव्हेंबर २००२ मध्ये दिसलं. एका संशोधकाच्या डेटा वाटणाऱ्या सॉफ्टवेअरने वाहतूक फुगली, वाजवीपेक्षा पसरलेल्या जाळ्यात स्पॅनिंग ट्रीचं गणित कोलमडलं आणि चार दिवस डॉक्टर कागदावर लिहून काम करत होते. दोष एकट्या संशोधकाचा नव्हता. एका यंत्राच्या वागण्याने इतकं मोडेल असं जाळं बांधलंच का, हा प्रश्न तिथल्या लोकांनी स्वतःला विचारला आणि उत्तर जाहीरपणे मांडलं.

हेतूने केलेल्या उपद्रवाचं वर्ष म्हणजे २००३. २५ जानेवारीला स्लॅमर आला: अवघ्या ३७६ बाइटांचा, आणि दहा मिनिटांत सापडण्याजोगी बहुतेक यंत्रं त्याने गाठली. पॅच सहा महिने आधीच उपलब्ध होता, पण आपल्या पीसीत मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. तो दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटातून आलेला. ११ ऑगस्टला ब्लास्टर आला, अमेरिकेतले विद्यार्थी सुट्टीवरून परतण्याच्या तोंडावर. उन्हाळाभर घरी असलेले, पॅच न घेतलेले हजारो पीसी एकाच आठवड्यात वसतिगृहांच्या वायरला लागणार होते. आठवड्याने आलेला वेल्चिया तर ब्लास्टर काढून पॅच बसवणारा ‘भला’ वर्म; पण शिकार शोधताना पिंगचा असा भडिमार करायचा की नेटवर्कच बसायचं. विद्यापीठांनी विद्यार्थ्यांच्या हातात पॅचच्या सीडी दिल्या. त्यानंतरची चार-पाच वर्षं विलगीकरणाची: यंत्र जोडलं की आधी वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवायचं, त्यावर तपासणीचा एजंट चालवायचा, अँटिव्हायरस ताजा दिसला तरच आत सोडायचं. एजंट मुख्यतः विंडोजचा. लिनक्सवाल्यांना एकतर ताटकळावं लागे किंवा तपासणीविना सोडून दिलं जाई. मुळात ज्याच्याकडे रूट आहे त्याचं यंत्र एजंटला हवं ते उत्तर देऊ शकतं. अथेनावाले हे पंधरा वर्षं आधी सांगून गेले होते.

तपासणीच्या आधीचा आणि अजूनही सगळ्यात प्रचलित उपाय म्हणजे मॅक ॲड्रेसची नोंद. टेक्सासच्या साउथवेस्टर्न विद्यापीठातून १९९९ मध्ये मांडलेल्या नेटरेगने ती पद्धत सोपी केली: अनोळखी यंत्र जोडलं की ब्राउझरमध्ये फॉर्म उघडतो, नाव भरलं की खरा पत्ता मिळतो. फॉर्म चांगला, पण कुलूप म्हणून निरुपयोगी. मॅक ॲड्रेस एका आज्ञेने बदलतो. शिवाय आजच्या पातळ लॅपटॉपांना इथरनेटची खाचच नसते. नोंदला जातो तो यूएसबी डोंगलचा मॅक, आणि तो डोंगल प्रयोगशाळेत पाच जण वापरतात.

या कुलपाची सर्वात प्रसिद्ध आणि दुःखद कहाणी ॲरन स्वार्ट्झची. सप्टेंबर २०१० मध्ये त्याने एमआयटीत पाहुणा म्हणून ‘गॅरी होस्ट’ या नावाने लॅपटॉप नोंदवला आणि जेस्टोरवरचे शोधनिबंध यंत्रवत उतरवायला सुरुवात केली. आयपी अडवला, त्याने तो बदलला. मॅक अडवला, तोही बदलला. शेवटी इमारत १६च्या तळघरातल्या वायरिंगच्या खोलीत लॅपटॉप थेट स्विचला जोडला. जानेवारी २०११ मध्ये तो पुठ्ठ्याच्या खोक्याखाली सापडला. पुढचा खटला, ११ जानेवारी २०१३ला त्याने संपवलेलं आयुष्य आणि एमआयटीच्या भूमिकेवरचा हॅल ॲबल्सन यांचा अहवाल यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे. आपल्या विषयापुरतं एवढंच बघायचं की त्या खोलीतल्या पोर्टने कुणाला काही विचारलं नाही आणि त्या पोर्टवरून मिळणारा पत्ता हाच लाखो निबंध वाचण्याचा परवाना होता. आपल्याकडेही नियतकालिकांचे प्रकाशक संस्थेला ओळखतात ते पुष्कळदा आयपीच्या पट्ट्यावरूनच. भिंतीतल्या पोर्टची किंमत वायरच्या किमतीत मोजून चालत नाही ती यामुळे.

यावरचं प्रमाणित उत्तर २००१ चं: ८०२.१एक्स. पोर्ट आधी मुकं असतं, तुम्ही खात्याचं नाव-पासवर्ड किंवा प्रमाणपत्र दिल्यावर बोलू लागतं. वायफायवर हे छान रुळलं. वायरवर मात्र प्रिंटर, जुनी उपकरणं, कॅमेरे यांना ती भाषा येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी मॅकच्या यादीची पळवाट ठेवावी लागते आणि आपण परत १९९९ मध्ये जाऊन पोहोचतो. त्यातही ८०२.१एक्स माणूस कोण ते सांगतं, यंत्र कसं आहे ते सांगत नाही. तरी माझं मत त्याच्या बाजूने आहे, कारण नावाशी जोडलेली चूक निस्तरता येते.

या सगळ्याला कंटाळून काही विभाग सरसकट बंदी घालतात: केंद्राने बसवलेलीच यंत्रं जोडायची. कागदावर हे सर्वात सुरक्षित. प्रत्यक्षात ज्याला काम करायचं आहे तो राउटर आणून त्याच्या पोटात चार यंत्रं लपवतो आणि बाहेरून एकच यंत्र दिसतं. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे असतात. ‘मागच्या मंगळवारी दुपारी हा पत्ता कुणाकडे होता’ असं पत्र आलं, तर बंदीवाल्या विभागाकडे असलेलं उत्तर राउटरपाशी येऊन संपतं. परवानगी देऊन नाव लिहून घेणाऱ्या विभागाकडे निदान फोन करायला माणूस असतो. नियम मोडणं हे नोंदणी करण्यापेक्षा सोपं असेल, तर नियम चुकीचा आहे असं मी धरतो.

आता त्या राहून गेलेल्या प्रश्नाकडे. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपबद्दल आपण जेवढी काळजी करतो तेवढी आज गरजेची नाही. तो स्वतःहून अपडेट घेतो, त्याची फायरवॉल मुळातच चालू असते, आणि बिघडला तर मालकच आधी ओरडतो. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने २०१८ मधल्या घुसखोरीबद्दल ऑक्टोबर २०१९ मध्ये जो विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला, तो प्रत्येक विभागप्रमुखाने वाचावा. सुरुवात एका ईमेलने झाली, पण हल्लेखोरांनी तळ ठोकला तो चाचणीचं सॉफ्टवेअर असलेल्या एका जुन्या सर्व्हरवर. तो निकालात काढायचा असं ठरलेलं होतं. काढलेला मात्र नव्हता, आणि ज्या व्हीलॅनवर होता तिथून विद्यापीठभर हात पोहोचत होता. मास्ट्रिख्ट विद्यापीठात डिसेंबर २०१९ मध्ये रॅन्समवेअरने २६७ सर्व्हर कुलूपबंद केले आणि ३० बिटकॉइन मोजावे लागले. तिथेही पाऊल पडलं ईमेलमधून, पण पुढची वाट सोपी झाली ती अपडेट न केलेल्या यंत्रामुळे.

आपल्या विभागांत अशी यंत्रं शोधायला फार लांब जावं लागत नाही. पीएच.डी. संपवून गेलेल्या विद्यार्थ्याचा सर्व्हर, ज्यावर अजून कुणाचातरी डेटा आहे म्हणून तो बंद करायची हिंमत होत नाही. जीपीयूच्या पेटीवर पासवर्डविना उघडं राहिलेलं ज्युपिटर. सर्व्हरच्या मागच्या, दूरवरून चालू-बंद करण्याच्या वेगळ्या पोर्टवर कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड तसाच. आणि उपकरणांचे पीसी. एक्सआरडी किंवा स्पेक्ट्रोमीटर वीस वर्षं चालतो, त्याचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालतं. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला. नवं सॉफ्टवेअर घ्यायचं तर कंपनी उपकरणच नवं घ्या म्हणते. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरनेही पॅच न बसवलेल्या यंत्रांमधूनच वाट काढली. या पीसीला इंटरनेटची गरज शून्य असते. फाइल बाहेर काढायची सोय हवी असते, बस. त्याच्यापुढे एक लहान फायरवॉल बसवून एकाच सर्व्हरच्या एकाच फोल्डरकडे जाण्याची वाट मोकळी ठेवली की काम भागतं. खर्च काही हजारांचा; अडचण ही, की तो कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा.

गंमत म्हणजे अशा यंत्रांची नोंद आपल्याकडे चोख असते. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये क्रमांक, खरेदीची तारीख, किंमत, आणि निर्लेखन होईपर्यंत दरवर्षीची पडताळणी. क्रमांक डब्यावर ऑइलपेंटने रंगवलेला. पण याचा ॲडमिन पासवर्ड कुणाकडे, शेवटचं अपडेट कधी, कोणत्या पोर्टला लावलंय, असा रकाना त्या रजिस्टरात नाही. तसंच ‘नो ड्यूज’चं. ग्रंथालयाचं एक पुस्तक राहिलं तर विद्यार्थ्याची पदवी अडते, पण त्याच्या नावाचा चालू सर्व्हर मागे राहिला तर कुणी विचारत नाही. त्या कागदावर एक सही नेटवर्कची असावी, आणि वायरवरच्या प्रत्येक नोंदीला वर्षाची मुदत असावी. नूतनीकरण केलं नाही की पोर्ट आपोआप बंद. मोठ्या प्रणाली विकत घेण्याआधी एवढं केलं तरी पुष्कळ. सध्याची इतर शिफारस थोडक्यात सांगण्याजोगी आहे: बाहेरून आत येणारं सगळं मुळात बंद, मागितल्यास एक-एक उघडायचं, एसएसएच फक्त किल्ल्यांवर, प्रत्येक प्रयोगशाळेला वेगळा व्हीलॅन. प्रचंड डेटा हलवणाऱ्यांना फायरवॉल अडसर ठरते. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या ईएसनेटने ‘सायन्स डीएमझेड’ नावाचा वेगळा मार्ग आखून दिला आहे, पण तो बहुतेक विभागांच्या गरजेपलीकडचा.

राहिला मालकीचा गुंता. खासगी लॅपटॉपवर विभागाचा हक्क पोर्टपुरता चालतो: ते बंद करता येतं, यंत्र उघडून बघता येत नाही. प्रकल्पाच्या पैशातून आलेलं यंत्र संस्थेचं असतं, चालवतो मात्र विद्यार्थी, आणि संस्थेतल्या दुसऱ्या कुणालाही त्यात शिरता येत नाही. म्हणून अशा यंत्रावर दुसरं ॲडमिन खातं गाईडच्या नावे असावं, असा नियम करायला घेतला की चर्चा थांबते. गाईडना ते खातं नको असतं. अपडेट कोण करणार, मी का, असा त्यांचा सवाल असतो आणि तो खोटा नाही. विभागाकडे त्यासाठी माणूस नसतो, असला तर कंत्राटी असतो आणि प्रॅक्टिकलच्या बॅचेस सांभाळत असतो. तरीही दुसरं खातं घ्यायला तयार नसलेल्या गाईडच्या यंत्राला पोर्ट देऊ नये असं मला वाटतं. विभागाच्या बैठकीत हा मुद्दा मांडला की तो पुढच्या बैठकीवर जातो.